सगळ्यात मागे राहायची शर्यत

“आता मी जे सांगणार आहे ना, त्यावर तुमचाच काय, कुणाच्या बापाचाही विश्वास बसणार नाही,” नाना म्हणाले आणि चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा सपासप फिरवू लागले. “बसूही नये. माझा स्वतःचा बसायला चार वर्षं लागली.”

ऐकायला सलूनमध्ये दोनच माणसं होती. एक इस्त्रीवाला. तो बाकावर पाय वर घेऊन बसला होता. त्याला ना केस कापायचे होते ना दाढी करायची होती. त्याच्या दुकानात दिवसभर निखारे आणि नानांच्या दुकानात दिवसभर पंखा, एवढंच त्याच्या येण्याचं कारण. दुसरे होते भाऊजी. ते खुर्चीत मान मागे टाकून पडले होते, गळ्यापर्यंत पांढरी चादर आणि डोळ्यांच्या जरा खालपर्यंत साबणाचा फेस. नानांच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, ते यजमान. नाना त्यांना भाऊजी म्हणायचे, म्हणून हळूहळू सगळी गल्लीच त्यांना भाऊजी म्हणू लागली होती. त्यात त्यांच्या वडिलांच्या वयाचे दोन म्हातारेही आले आणि दूधवालाही आला.

भाऊजींना ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं. नानांच्या दुकानाचा एकच कायदा होता आणि तो आरशाच्या वर पाटीवर रंगवलेला होता: वस्तरा गालावर असताना बोलू नये. हा कायदा फक्त खुर्चीतल्या माणसासाठी होता, वस्तरा धरणाऱ्याला तो लागू नव्हता. भाऊजींनी चाळीस वर्षं घरोघर टपाल वाटलं होतं. जे लिहिलंय त्याप्रमाणे वागायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. इतर गिऱ्हाइकं पाटी वाचून हसायची आणि बोलायची. भाऊजी मात्र शिंकसुद्धा दाबून ठेवायचे. नानांनी आजचा सगळा डाव या एका सवयीवर मांडला होता.

परवा रविवारी बाजारामागच्या मैदानावर दुकानदार मंडळाच्या स्पर्धा होत्या. धावणं, दोरीखेच, पोत्यात पाय घालून उड्या आणि सगळ्यात शेवटी संथ सायकलींची शर्यत. अंतर चाळीस पावलं. जो सगळ्यांच्या मागून पोचेल तो पहिला. चुन्याचा पट्टा ओलांडला की बाद, पाय जमिनीला टेकला की बाद. नावं नोंदवायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. साठीच्या वरच्यांचा गट वेगळा होता, आणि त्या गटाच्या रकान्यात आत्तापर्यंत एकच नाव पडलं होतं. ते नानांचं. दुसरं नाव पडलं नाही तर गट रद्द, असा मंडळाने यंदा नवा नियम केला होता.

नियम नानांमुळेच करावा लागला होता. गेल्या वर्षी भाऊजी आलेच नाहीत. गुडघा दुखतो, म्हणाले. नाना एकटे उतरले. शिट्टी वाजली, नानांनी पायडल मारलं आणि दोन पावलांतच त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी मोठंच चुकतंय. हळू जायचं हे खरं, पण कुणापेक्षा? शेजारच्या पट्ट्यात कुणी नव्हतं. एरवी डाव्या कानाला भाऊजींच्या चाकाची टिकटिक ऐकू यायची, एक टिक झाली की दुसरी होईपर्यंत माणसाचा जीव टांगणीला. ती टिकटिक लांबली की नाना आपली लांबवायचे, मग भाऊजी आणखी लांबवायचे. मध्येच कुणीतरी हळूच नाकातून हसायचं. कुणाचं हसणं, हे दोघांनाही कळायचं नाही. गेल्या वर्षी डाव्या बाजूला नुसता वारा होता. चाळीस पावलं अठ्ठावीस सेकंदांत संपली. टाळ्या वाजल्या त्या लोकांना वाटलं नाना सराव करतायत म्हणून. मंडळाने कप दिला. नानांनी तो दुकानात आणून त्यात कंगवे ठेवले.

भाऊजींच्या गुडघ्याला काहीएक झालेलं नव्हतं. हे गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि डॉक्टरांच्या आधी ताईने. खरी गोष्ट त्याच्या आदल्या वर्षीची होती. अकराव्या पावलावर भाऊजींचा तोल गेला आणि पाय टेकला. कुठे खळगा नाही, कुणी शिट्टी वाजवली नाही, कुत्रं आडवं आलं नाही. उगाचच टेकला. भाऊजी आपल्या बुटाकडे बघत राहिले, चुकीच्या दारात पडलेल्या पत्राकडे बघावं तसे. मग शांतपणे म्हणाले, “पुष्कळ झालं.” घरी गेले, सायकल धुतली, पुसली आणि भिंतीवरच्या दोन खुंट्यांना टांगली. नाना त्या दिवशी जिंकले होते. चौदा वेळा भाऊजी आणि अकरा वेळा नाना, असा पंचवीस वर्षांचा हिशेब होता. गेल्या वर्षीचं एकट्याचं जिंकणं नाना मोजत नसत.

आज सकाळी ताई सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. ती आत कधी येत नसे, केसांवर पाय पडतो म्हणून. बाहेरूनच तिने सांगितलं की घरचं माणूस उत्तम आहे आणि हीच काळजीची गोष्ट आहे. सकाळी उठतात, पेपर वाचतात, मग तोच पेपर मागच्या पानापासून वाचतात. कुणावर रागावत नाहीत. परवा तिने मुद्दाम चहात साखरेऐवजी मीठ घातलं. प्याले. छान झालाय, म्हणाले.

“मी पंचेचाळीस वर्षं या माणसाशी भांडतेय,” ताई म्हणाली. “आता समोरून उत्तरच येत नाही रे. पाठवते दाढीला. पुढचं तू बघ. पण त्यांना दुखवायचं नाही. तेवढं केलंस तर गाठ माझ्याशी आहे.”

तर असे भाऊजी फेसाखाली पडले होते, आणि नाना वस्तऱ्याला धार लावत गोष्टीला धार लावत होते.

“ते वर्ष आठवतं का? मैदानावर पत्र्याची शेड उभी राहिली ते?” त्यांनी इस्त्रीवाल्याला विचारलं.

इस्त्रीवाला तेव्हा या गल्लीत नव्हताच. नानांना तेच हवं होतं. पाहिलेल्या माणसापुढे गोष्ट सांगायची म्हणजे अरुंद बोळातून कपाट न्यायचं, सारखं कुठेतरी घासतं. न पाहिलेल्या माणसापुढे मैदान मोकळं असतं.

त्यांनी सुरुवात बेतानेच केली. सकाळी दहाला शिट्टी वाजली, एकूण नऊ सायकली सुटल्या, पहिल्या मिनिटात सात जण गळाले. इथपर्यंत सगळं खरं होतं, आणि खरं सांगताना नानांना नेहमी जराशी झोप यायची. मग ते जागे झाले. दुपारी दोन वाजता नाना तिसऱ्या पावलावर होते आणि भाऊजी अडीचाव्या. ऊन डोक्यावरून उतरलं तशा दोघांच्या सावल्या लांब होऊन पुढे सरकल्या, आणि पंचांमध्ये वाद लागला की सावली आधी रेषेपलीकडे गेली तर माणूस बाद धरायचा की नाही. एक पंच म्हणाला, सावलीला पाय असतात, म्हणजे ती टेकलेलीच आहे. दुसऱ्याने त्याला घरी पाठवलं.

इस्त्रीवाल्याने विचारलं, जेवणाचं काय केलंत. नानांनी सांगितलं की ताईने दोघांच्या मधे उभं राहून भरवलं. एक घास नवऱ्याला, एक घास भावाला. नवऱ्याचा घास जरा मोठा असतो, असा नानांना संशय आला होता. पण मान वळवून बघावं तर तोल जायचा, म्हणून त्यांनी तो विषय पोटात ठेवला.

“घासासकट?” इस्त्रीवाल्याने विचारलं.

“घासासकट.”

नानांनी भाऊजींच्या उजव्या गालावर पहिला हात फिरवला. चाळीस वर्षं लोकांच्या गालांवर वस्तरा चालवून त्यांना एक विद्या आली होती. तोंडाने माणूस काय वाटेल ते सांगतो, गाल मात्र बनवाबनवी करत नाही. कोण कर्ज काढून आलाय, कोण लग्नाला उभा आहे, कोण आईशी भांडून बाहेर पडलाय, सगळं त्यांना बोटांखाली कळायचं. भाऊजींचा गाल आत्ता सैल होता. गरम पाण्यात पाय सोडून बसलेल्या माणसाचा असतो तसा. नानांनी आवाज चढवला.

पहिल्या दिवशीच्या संध्याकाळी एका कोळ्याने नानांच्या पुढच्या चाकापासून भाऊजींच्या पुढच्या चाकापर्यंत जाळं विणलं. चांगलं परातीएवढं. त्यात तीन माशा आणि एक चतुर अडकला. आता पंचाईत अशी झाली की जो आधी हलेल त्याच्याकडून कोळ्याचं घर मोडणार. दोघंही भल्या घरची माणसं. दोघांनीही चाकं जागच्या जागी धरून ठेवली, कोळ्याचं पोट भरून तो आपणहून उतरून जाईपर्यंत.

“म्हणजे सायकली थांबल्या होत्या,” इस्त्रीवाला म्हणाला. “थांबलेली सायकल पडते, नाना. मी रोज कपड्यांचं गाठोडं बांधून चालवतो.”

“थांबल्या होत्या कोण म्हणतो? चालत होत्या. तुला दिसलं नसतं, एवढंच. घड्याळाचा तासकाटा चालताना दिसतो का तुला?”

इस्त्रीवाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार झाले होते. तासकाटा चालताना दिसेना, तेव्हा त्याने गाठोड्याचा विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी रस्तेवाले आले. मैदानातून बाजाराकडे जाणारी वाट त्यांना त्याच दिवशी डांबरी करायची होती, वरून तसा हुकूम होता. त्यांनी सायकलींच्या बाजूबाजूने डांबर ओतलं, रूळ फिरवला आणि निघून गेले. चाकांखालचे दोन पट्टे तेवढे कच्चे राहिले. त्यांच्यावर आजही गवत उगवतं, नाना म्हणाले, आणि ज्याला बघायचं असेल त्याने बघून यावं. हे सांगताना त्यांनी इस्त्रीवाल्याकडे अशा नजरेने पाहिलं की जाऊन बघणं हा उद्धटपणा ठरला असता.

“आणि यांची नोकरी?” इस्त्रीवाल्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. “टपाल कोण वाटत होतं?”

नानांना हे सुचलंच नव्हतं, म्हणून त्यांनी इस्त्रीवाल्याकडे फार प्रेमाने पाहिलं. रजा मिळाली नव्हती, त्यांनी सांगितलं. पोस्टमास्तर दुसऱ्या दिवशी स्वतः थैली घेऊन आले आणि भाऊजींच्या कॅरिअरवर ठेवून गेले. गावाला कळलं की पोस्टमन एका जागी सापडतोय. मग काय, रांग लागली. ज्याने त्याने येऊन आपापलं पत्र उचलून नेलं. “गावाच्या इतिहासात त्या दिवशी पहिल्यांदा सगळं टपाल वेळेवर पोचलं.”

चादर हलली. भाऊजींचं पोट गदागदा हलत होतं, आणि फेसातून नाकाच्या बाजूला दोन बुडबुडे आले. भाऊजी गावातले सगळ्यात हळू पोस्टमन होते, हे जगजाहीर होतं. त्यांच्या हातून गेलेलं मे महिन्यातल्या लग्नाचं आमंत्रण लोकांना बारशाला उपयोगी पडायचं.

नाना वाट बघत होते. भाऊजी आता हात वर करतील, वस्तरा बाजूला सारतील, काहीतरी म्हणतील. पण पोट हलायचं थांबलं आणि गाल पुन्हा सैल झाला. भाऊजींना मजा येत होती, हे खरं. पण ते दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकत होते. कुणीतरी एक भाऊजी होता, सायकलीवर बसायचा, मजेशीर माणूस होता म्हणे. असा गाल नानांनी पूर्वी पाहिला होता, जुना फोटो दाखवल्यावर माणसं ‘हो का, मीच का तो’ म्हणतात तेव्हा.

उजवी बाजू संपली होती. नानांनी डावीकडे पुन्हा नवा फेस लावला. खरं म्हणजे पहिला फेस अजून ओला होता.

तेवढ्यात समोरच्या चष्म्याच्या दुकानातून चष्मेवाल्या बाई आल्या. त्या मंडळाच्या चिटणीस होत्या. काखेत वही, कानामागे पेन, आणि कपाळावर एक आणि नाकावर एक असे दोन चष्मे. चिटणीसपद त्यांच्याकडे येऊन दीडच वर्ष झालं होतं आणि तेवढ्यात मंडळाच्या दोरीखेचीची दोरीसुद्धा त्यांच्यासमोर वाकडी पडत नसे. पावणेपाच झालेत, त्यांनी सांगितलं. साठीच्या वरच्या गटावर त्या आता रेघ मारणार होत्या, पण नानांना न सांगता मारणं बरं दिसलं नसतं.

“पाचला मारा,” नाना म्हणाले. “एवढी दाढी होऊ द्या.”

बाईंनी वाकून भाऊजींचा चेहरा पाहिला. अर्धा गुळगुळीत, अर्धा बर्फ पडल्यासारखा. “मघाशी मी खिडकीतून बघितलं तेव्हाही एवढीच झाली होती. दाढी करताय, का तुमची ती शर्यत इथेच लावलीय?”

इस्त्रीवाला हसला. नानांनी त्यांना बाकावर जागा करून दिली आणि गोष्ट कुठवर आली ते थोडक्यात सांगितलं. कोळ्याला बाईंनी सोडून दिलं. डांबरापाशी त्यांनी नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा लावला. पोस्टमास्तरांपाशी मात्र त्यांनी स्वच्छ विचारलं की एवढं सगळं करून मिळतं काय? कप तर हा, त्यांनी फळीकडे बघून म्हटलं, ज्याचा एक कान तुटलाय आणि ज्यात कंगवे आहेत. मंडळात हा प्रश्न त्यांना प्रत्येक वर्गणीदार विचारत असे.

नानांनी डाव्या गालावर वस्तरा टेकवला. डाव्या कानाजवळच्या त्या टिकटिकीबद्दल सांगावं, असं त्यांना वाटलं. पण सांगायला जावं तर ते इतकं किरकोळ वाटलं असतं की तीन दिवसांच्या शर्यतीपेक्षा त्यावरच विश्वास बसला नसता. ते एवढंच म्हणाले, “कप कोण मागतोय? हे शेजारच्या पट्ट्यात असले ना, की मला नीट चालवता येते.”

भाऊजींच्या गालाखाली काहीतरी हललं. मासोळी पाण्यात वळते तसं, एकदाच. पण तेवढंच. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

घड्याळात पाचला दहा कमी होते.

आता नानांच्या पोतडीत एकच गोष्ट उरली होती आणि तिला हात लावायची त्यांची इच्छा नव्हती. ती म्हणजे बारा वर्षांपूर्वी, त्या शेडच्या वर्षी, खरं काय घडलं ते. शर्यत तीन दिवस चालली नव्हती. सात मिनिटं चालली होती, आणि चाळीस पावलांना सात मिनिटं हीसुद्धा कुणाच्या बापाला खरी वाटणार नाही अशीच गोष्ट होती. शेवटची दोन पावलं राहिली असताना नानांचा उजवा पाय टेकला. पंचांनी हात वर केला, लोक ओरडले, शर्यत संपली. पण भाऊजी उतरले नाहीत. त्यांना कळलंच नव्हतं, किंवा कळूनही त्यांना थांबायचं नव्हतं. हँडल किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, चाक बोटभर पुढे, बोटभर मागे, आणि चेहऱ्यावर असं काही की टाळ्या वाजवणारे लोक आपोआप गप्प झाले. आणखी पूर्ण एक मिनिट ते सायकलीवर नुसते उभे होते. नानांनी त्या दिवशी घरी जाऊन सगळ्यांशी बोलणं टाकलं, आणि पुढच्या महिन्यात भाऊजींचे केस एका बाजूला मुद्दाम वाकडे कापले. पण आतल्या आत त्यांना ठाऊक होतं. हरायचं असेल तर असं हरावं. त्यांच्या अकरा जिंकण्यांपैकी एकही त्या हरण्याच्या जवळपास येत नव्हतं.

भाऊजींकडे ते एक मिनिट होतं. दुसरं काही असो नसो, ते होतं. आणि नाना आता त्यावर घाव घालणार होते. ताईचा आवाज त्यांच्या कानात वाजत होता. दुखवायचं नाही. त्यांनी वस्तरा पुसला, पाणी झटकलं, पुन्हा पुसला. दुखवल्याशिवाय हा माणूस चहातलं मीठही ओळखणार नाही, असं त्यांनी मनातल्या मनात ताईला सांगितलं. ताईने काय उत्तर दिलं असतं, ते त्यांनी ऐकून घेतलं नाही.

“तर तिसरा दिवस उजाडला,” नाना म्हणाले. आवाज मुद्दाम साधा ठेवला, भाव सांगावा तसा. “दोन पावलं राहिली होती. मी मागे, हे बोटभर पुढे. सगळं गाव श्वास धरून उभं. आणि अगदी शेवटच्या घडीला काय व्हावं?”

“काय झालं?” इस्त्रीवाला बाकाच्या कडेला आला.

“काय व्हायचं? यांचा डावा पाय टेकला.”

वस्तऱ्याखालचा गाल दगडासारखा झाला.

नानांना बोटांत ते लख्ख जाणवलं. त्यांनी वस्तरा अलगद अर्धा इंच वर उचलून धरला आणि बोलत राहिले. त्यांनी सांगितलं की जिंकल्याचा त्यांना तेव्हा आनंदच झाला नाही, उलट भाऊजींची दयाच आली. बाईंकडे वळून त्यांनी हेही सांगितलं की दोन वर्षांपूर्वी अकराव्या पावलावर पाय टेकला म्हणून लोकांनी उगाच चुकचुकायची गरज नव्हती, ते काही वयाचं नव्हे. पाय टेकायची सवय भाऊजींना पहिल्यापासूनच होती. “बारा वर्षांपूर्वीही टेकलाच होता. असतो एकेकाचा पाय तसा. जमिनीची ओढ असते. तुम्ही मारा रेघ, बाई.”

बाईंनी कानामागचं पेन काढलं. त्यांनी वही उघडली, पान शोधलं, पण रेघ मारली नाही, कारण चादरीखालून एक हात बाहेर आला होता.

हात सावकाश आला. इतका सावकाश की इस्त्रीवाल्याला नंतर कुणी विचारलं असतं, तर तो हलला असं त्याने शपथेवर सांगितलं नसतं. त्या हाताने नानांचं मनगट धरलं, वस्तरा बाजूला नेला आणि टेबलावरच्या वाटीत ठेवायला लावला. मग भाऊजी उठून बसले. अर्ध्या तोंडावर फेस होता, उरलेलं अर्धं लालबुंद झालं होतं. त्यांनी मान वर करून पाटी वाचली, आणि वस्तरा गालावर नाही याची खात्री करून घेतली.

“नाना, तू तीन दिवस म्हणालास, मी गप्प बसलो. पोस्टमास्तरांना थैली उचलायला लावलीस, तेही चालवून घेतलं. ऐकायला बरं वाटत होतं.” भाऊजींचा आवाज चढत गेला, आणि पलीकडच्या दुकानातल्या माणसाने मान वर केली. “पण हे धादांत खोटं बोलतोयस तू. पाय तुझा टेकला होता. उजवा. माझा त्या दिवशी टेकला नव्हता, आणि रविवारी टेकला तर नाव बदलून ठेवीन. बाई, ती रेघ नंतर मारा. आधी माझं नाव लिहा.”